मुसळ पडेपर्यंत पाणी नाही

ज्याला पटेल त्याने वाचा. ज्याला नाही पटत त्याने इथेच थांबा. मी कोणाच्या हातापाया पडायला बसलेलो नाही.

पण जे सांगतोय ते खरं आहे. माझ्या सख्ख्या आईसोबत, माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं.

तारीख ३ मार्च २०२६, मंगळवार. वेळ संध्याकाळी सहा अठ्ठेचाळीसपासून पुढची. जागा भंडारा जिल्हा, पवनी तालुका, आसगावजवळचं आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. उद्या पोरं मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला यायची, आणि मायला ते चालणार नाही.

मी कुंदन सेलोकर. राहतो जवाहरनगरला, बायको रंजिता सोबत. कामाने इलेक्ट्रिशियन. भुताखेतांवर हसणाऱ्यांत माझा नंबर पहिला. लिंबू-मिरची दिसली की तोडून फेकणारा माणूस मी.

माय तेव्हा गावात एकटी राहायची. गोदावरीबाई नाव, वय अडुसष्ट. शुगरची पेशंट. दोन्ही गुडघे गेलेले. सलग दहा मिनिटं उभं राहणं होत नाही तिला, भाजीसुद्धा पाटावर बसून करते. पण जिद्द? बाप्पा बाप्पा! तिने एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

आता ग्रहणाचं सांगतो.

आमच्याकडे ग्रहण लागलं की परातीत पाणी ओततात आणि त्यात मुसळ उभं करतात. कोणी धरायचं नाही, कशाला टेकवायचं नाही. म्हणतात की ग्रहण आहे तोवर मुसळ आपलं आपण उभं राहतं. ग्रहण सुटलं की आपलं आपण पडतं.

आणि ग्रहणाचे वेध लागल्यापासून मुसळ पडेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही.

शहाण्या माणसाला माहीत आहे की बूड सपाट असलं तर मुसळ कोणत्याही दिवशी उभं राहतं. सोमवारी राहतं, शुक्रवारी राहतं. मी स्वतः उभं करून पाहिलेलं आहे.

पण मायला कोण सांगणार?

मागच्या सप्टेंबरच्या ग्रहणात तिने असाच उपास धरला. दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत पाणी नाही. मुसळ पडलं तेव्हा तीही पडली. शुगर एकदम खाली. तीन दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाइनवर होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

म्हणून यावेळी मी ठरवलं. तिच्या डोक्यातून हे मुसळ काढायचंच.

कसं? सोपं होतं.

ग्रहण सुटल्यावरही मुसळ पडलंच नाही, तर मायला कळेल ना, की मुसळाला ग्रहणाचं काही कळत नाही? वर चांगला गोल चंद्र दिसतोय आणि खाली मुसळ तसंच उभं! मग काय बोलशील?

असा माझा हिशेब. नळवाले वापरतात ती पाण्यातही घट्ट होणारी पुट्टी मी भंडाऱ्यातून आणली. होळीसाठी आम्ही आदल्या दिवशी गावी आलोच होतो.

ग्रहण दुपारी तीन वीसला लागणार होतं. पावणेतीनला माय न्हाणीत जायची तयारी करत होती. मी हळूच मुसळाच्या बुडाला, लोखंडी कड्याच्या आत, पुट्टी दाबून भरली. अंगणात कोणी नव्हतं. रंजितालासुद्धा सांगितलं नाही.

तीन वीसला मायने परातीत पाणी ओतलं. मुसळ मधोमध ठेवलं. हात काढले.

उभं राहिलं.

"पाह्य," माय म्हणाली. "हसतं ना तू? पाह्य आता."

मी खरंच हसत होतो. मला वाटलं, राहणारच ना उभं. माझी पुट्टी आहे खाली.

आमच्या घराची मागची बाजू म्हणजे थेट शेत. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं. आता मार्चमध्ये कापून मोकळ्या पडलेल्या. दुसऱ्या बांधीत एक जुना दगड उभा आहे. माझ्यापेक्षा दीड हात उंच. त्याच्याभोवती लहान दगडांचं गोल रिंगण. आमच्या आज्याच्या आज्यानेही तो तसाच पाहिलेला. नांगर त्याला वळसा घालून जातो. गावात त्याला मुसळ्या म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी नागपूरचे कॉलेजवाले आले होते. मोजमापं घेतली, फोटो काढले. म्हणाले, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं हे काम आहे. मेलेल्यांसाठी उभारलेलं. त्या लोकांना चंद्र-सूर्याचं बरंच कळत असावं, असंही म्हणाले.

मी म्हटलं असेल बा. आपलं काय जातं.

त्या दिवशी सव्वासहाच्या सुमारास चंद्र उगवला. बरोबर मुसळ्याच्या मागून. एका बाजूने खाल्लेला, तांबूस.

माय परातीजवळ पाटावर बसलेली. सकाळपासून पोटात काही नाही. ओठ सुकलेले. रंजिता दर पंधरा मिनिटांनी म्हणत होती, "आई, घोटभर तरी घ्या ना." माय मान हलवायची.

मी म्हटलं, अर्धा तास कळ काढ. मग आयुष्यभराचा प्रश्न मिटतो.

सहा अठ्ठेचाळीस झाले.

गावात एकदम गलका उठला. "सुटलं रे, सुटलं!" कुठे थाळी वाजली. घरोघरी न्हाणीत बादल्या ओतल्याचे आवाज. शेजारच्या तुलारामकाकांच्या अंगणात त्यांचं मुसळ पडल्याचा आवाज मी कानाने ऐकला. खणकन.

आमचं पडलं नाही.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

"पाह्य माय! वर पाह्य. चंद्र साफ. गरन सुटलं. आन हे पाह्य, तुझं मुसळ उभंच हाय! याले काही समजते का? घे, पानी पी."

मायने वर पाहिलं. मग मुसळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सुटलं नाई," ती म्हणाली.

"अवं, चंद्र दिसून नाही राहिला का तुले?"

"चंद्र दिसून राहिला. मुसळ बी दिसून राहिलं." तिने तोंडावरून पदर फिरवला. "लोकाईचं सुटलं असन. आपल्या घरचं नाई सुटलं."

झालं! माझ्या अकलेचं सगळं दिवाळं तिथेच निघालं. मी समजत होतो की ती चंद्रावर विश्वास ठेवील. तिने मुसळावर ठेवला.

सात वाजले. सव्वासात.

मायच्या कपाळावर घाम यायला लागला. हात थरथरायला लागले. रंजिताने शुगरचं मशीन आणलं. त्रेसष्ट.

मी साखरेचं पाणी तिच्या तोंडाला लावलं. तिने दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं.

शेवटी मी कबूल केलं. हात जोडले.

"माय, मीच केलं. म्या पुट्टी लावली खालून. गरनाचं काही नाही त्यात. तुही शपथ."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली नाही. तेच मला जास्त लागलं.

"मंग पडू दे त्याले," ती म्हणाली. "आपल्या मनानं."

तेवढ्यात तुलारामकाका कुंपणापलीकडून आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आमच्याच बाजूच्या बांध्या कसतो. त्यांना आवाज गेला असावा. त्यांनी परातीकडे पाहिलं आणि पायातली चप्पल काढली.

"हात नको लावजो बाबू," ते हळू आवाजात म्हणाले.

"काहून?"

"हातानं पाडलं त पाडणाऱ्याले त्याच्या जागी उभं राहा लागते. गरन सुटेवरी." त्यांनी शेताकडे मान केली. "तो मुसळ्या कोन होय वाटते तुले? बाई होय ते. लेकराले तहान लागली म्हनून तिनं मुसळ पाडलं. तिच्यासाठी मंग गरन सुटलंच नाई."

मी चिडलो. "काका, माही माय मरून राहिली अन् तुमी गोष्टी सांगून राहिले!"

ते शेताकडे कान लावून उभे होते.

आणि तेव्हा मला जाणवलं...

गावाचा आवाज बंद झाला होता.

थाळ्या नाहीत. बादल्या नाहीत. होळीची पोरं नाहीत. एक कुत्रं नाही.

फक्त शेतातून...

धुप्.

थोडा वेळ काही नाही.

धुप्.

उखळात धान कांडल्यावर येतो तसा आवाज. आमच्या घरात पंधरा वर्षांत कोणी कांडलेलं नाही. गावाचं सगळं धान मिलवर जातं.

धुप्.

परातीतल्या पाण्यावर गोल तरंग उठला. मुसळापासून निघून काठापर्यंत गेला.

धुप्. पुन्हा तरंग.

मुसळ मात्र हललं नाही.

"तुम्हाला ऐकू येऊन राहिलं का?" रंजिताने विचारलं.

तुलारामकाका डोळे मिटून उभे होते.

मायची मान एका बाजूला कलली. मशीनवर अठ्ठेचाळीस. पवनीचा दवाखाना अर्ध्या तासावर, आणि दाराशी फक्त माझी मोटारसायकल. रंजिताने रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दुसरा पेशंट घेऊन भंडाऱ्याकडे निघालेली. यायला दोन तास.

आणि साखरेचं पाणी माझ्या हातात. माझी आई माझ्या समोर. मध्ये काय, तर एक लाकडाचा दांडा!

गेलं खड्ड्यात, म्हटलं मी. दोन्ही हातांनी मुसळ धरलं आणि ओढलं.

पुट्टी घट्ट झाली असेल म्हणून जोर लावला होता मी...

ते अलगद वर आलं. काहीच धरलेलं नव्हतं.

मी बूड पाहिलं. स्वच्छ. लोखंडी कड्याच्या आत राखेचे पांढरे डाग. मायने न्हाणीत मुसळ राख लावून घासलं होतं, पूजेआधी घासतात तसं. पुट्टीचा गोळा दुसऱ्या दिवशी मला न्हाणीच्या मोरीत सापडला.

म्हणजे ते मुसळ इतका वेळ... माझ्यामुळे उभं नव्हतं.

शेतातला आवाज थांबला.

"घे माय," मी म्हणालो. एका हाताने पेला पुढे केला. "पडलं. पी आता."

मायने डोळे उघडले. माझ्या हातातल्या मुसळाकडे पाहिलं. आणि तिचा चेहरा असा काही झाला... मी लहानपणी तलावात बुडता बुडता वाचलो होतो, तेव्हा तसा झाला होता.

"तू काहून पाडलं रे?"

मी काही बोलायच्या आधी ती उठली.

आधार न घेता. गुडघ्यावर हात न ठेवता. जी बाई भिंत धरल्याशिवाय पाटावरून उठत नाही, ती सरळ उठली, लुगडं सावरलं आणि परातीत पाय ठेवला.

एक. मग दुसरा.

"माह्या लेकाले नोको," ती शेताकडे पाहून म्हणाली. "मी हाव ना."

आणि उभी राहिली.

मी तिला धरलं. खाली बसवायला गेलो. हलेना! पंचेचाळीस किलोची बाई. मी एका बाजूने, तुलारामकाका दुसऱ्या बाजूने. शेतातला तो दगड हलवावा, तसं झालं. रंजिताने शुगर पाहायला मायचं बोट दाबून धरलं, सुई टोचली. रक्त आलं नाही. पुन्हा टोचली. नाहीच.

पण ती श्वास घेत होती. पदर हलताना दिसत होता.

मी रडलो. सांगायला लाज नाही वाटत. चाळीशीला आलेला माणूस मी, परातीजवळ जमिनीवर बसून ढसाढसा रडलो. "माय, मी उभा राहतो, तू बस," म्हणालो. मी परातीत पाय टाकायला गेलो तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी चुलीजवळ गेलो की पाहायची तसं. माझा पाय उचललाच नाही.

अशी ती उभी होती. आठ वाजले. नऊ वाजले.

मधून मधून तिचे ओठ हलायचे. हळू काहीतरी बोलायची. मग थांबायची, ऐकल्यासारखी. मग पुन्हा बोलायची.

रंजिताने माझा खांदा धरला.

"आईंचा हात पाहा."

मायचा उजवा हात कोपरापासून जरा वर उचललेला होता. कोणी खालून धरला की उचलला जातो तसा.

तिथे कोणी नव्हतं. मी शपथेवर सांगतो. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, चांदणं स्वच्छ होतं, तिथे कोणी नव्हतं.

पावणेदहाच्या पुढे कधीतरी गावातलं कुत्रं भुंकलं. मग दुसरं. लांब कुठे मोटारसायकल गेली. इतका वेळ ते आवाज नव्हते, हे मला ते परत आल्यावर नीट कळलं.

मायने मोठा श्वास सोडला.

"सुटलं."

आणि ती खाली बसली. अगदी सावकाश, कोणीतरी धरून बसवावं तशी.

रंजिता धावली. मायने साखरेच्या पाण्याचा पेला एका दमात संपवला. मग दुसरा. मग साधं पाणी मागितलं, तांब्याभर. ते तोंडाला लावता लावता थांबली आणि तांब्या बाजूला, रिकाम्या जागेकडे धरला.

"तिले बी दे," ती म्हणाली. "इतका येळ माहा हात धरून होती. माह्यापेक्षा जास्त तहान हाय तिले."

तुलारामकाका मागच्या पावली घरी गेले. चप्पल आमच्याच अंगणात राहिली.

मी तिचा उजवा हात चांदण्यात धरून पाहिला. कोपराला धानाचा कोंडा चिकटलेला होता. ओला, ताजा.

रुग्णवाहिका आली तेव्हा मायची शुगर एकशे अठरा होती. डॉक्टरांनी दोनदा तपासली. म्हणाले, "चांगल्या आहेत की. कशाला बोलावलं?"

आता बोला!

दुसऱ्याच दिवशी मी मायला जवाहरनगरला घेऊन आलो. गावात एकटं ठेवायची हिंमत झाली नाही. तिने वाद घातला नाही, आणि मायने वाद न घालणं हेच मला खटकलं होतं.

दोन महिने चांगले गेले. जेवायची, टीव्ही पाहायची, रंजितासोबत हसायची.

मेमध्ये एक दिवस भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "बाबू, पुढचं गरन कवा हाय रे?"

मला माहीत होतं. ४ मार्चलाच मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. त्या दिवसापासून ती तारीख माझ्या डोक्यातून जात नाही.

"नाही आता," मी म्हणालो. "दहा-बारा वर्षं काही नाही आपल्याकडे."

माय हसली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मायसंग खोटं कायले बोलतं? जिवतीच्या दिवशी हाय ना. पुढच्या साली. तिनं सांगतलं मले."

२ ऑगस्ट २०२७. आषाढी अमावस्या. जिवती. बरोबर त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे.

मायला वाचता येत नाही. तिच्याजवळ मोबाइल नाही. पुढच्या सालचं कॅलेंडर अजून छापलेलंसुद्धा नाही.

"आणखी काय सांगितलं तिनं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काई नाई." तिने भाजीची ताटली बाजूला सारली. "लय वर्सं झाले म्हने उभी हाय. थोडंसक बसू देशीन का, म्हने. म्या म्हटलं, बस ना बाई. लेकरू तं तुयं बी होतं."

मी तिला कुठेही नेईन. त्या दिवशी तिला घेऊन मुंबईला जाईन, दिल्लीला जाईन, दवाखान्यात भरती करीन. रंजिताचं आणि माझं सगळं ठरलं आहे. घरात मुसळ नाही, परात नाही. स्टीलची मोठी थाळीसुद्धा मी शेजाऱ्याला देऊन टाकली.

पण आता रोज पहाटे एक गोष्ट होते.

रंजिता चहा ठेवायला उठते, तेव्हा माय स्वयंपाकघरात भिंतीजवळ उभी असते. भिंतीला टेकत नाही. कशाला धरत नाही. उघड्या पायांनी, पूर्वेकडे तोंड करून, सरळ.

पहिल्यांदा आम्ही घाबरून विचारलं, "माय, काय करून राहिली?"

"काई नाई रे," ती म्हणाली. "सवय करून राहिली."

तेव्हा ती दहा मिनिटं उभी होती. मी घड्याळ लावून पाहतो आता. मागच्या आठवड्यात अर्धा तास.

आज पंचेचाळीस मिनिटं झाली.